रुमालाखालची अक्षरे : बाजारभावाचा तक्ता आणि मराठी वेबपानाची घडण

१/२४
पुण्याच्या मार्केट यार्डात रोजचा लिलाव आटोपला की एक तक्ता तयार होतो. शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाचे मुख्यालयही गुलटेकडीच्या याच परिसरात आहे. राज्यातील बाजार समित्यांचे असे तक्ते मंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत पाहता येतात. सात रकान्यांचा हा मजकूर दिसायला अगदी साधा आहे. मात्र असा मराठी तक्ता कोणत्याही संगणकावर वाचता यावा, त्यात शोध घेता यावा, तो क्रमाने लावता यावा, यासाठी वेबरचनाकारांना आणि लिपीतज्ज्ञांना जवळपास दोन दशके झटावे लागले. हा थ्रेड त्या खटपटीचा इतिहास सांगतो.

२/२४
आरंभ संगणकाच्या फार आधीचा आहे. जुन्या घाऊक बाजारांत ‘हत्ता’ नावाची पद्धत रूढ होती. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांचे हात धरत आणि बोटे दाबून भाव ठरवत. कोणते बोट किती वेळा दाबले म्हणजे किती रुपये, हा संकेत त्या दोघांनाच ठाऊक असे. ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी शेजारीच उभा असे. त्याला रुमाल दिसे, हात दिसत, व्यवहार होतो आहे हेही दिसे. पण भाव कळत नसे. व्यवहार सर्वांच्या डोळ्यांसमोर आणि माहिती मात्र दोघांच्याच मुठीत, अशी ही रचना होती.

३/२४
बाजार नियमनाच्या कायद्यांनी हा रुमाल हळूहळू दूर केला. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियमित बाजार उभा राहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा झाला. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात नियमित बाजारांचा पुरस्कार केला. त्यानंतर १९३९ चा मुंबई शेती उत्पन्न बाजार कायदा आणि राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा आला. उघड लिलाव, अधिकृत वजनमाप आणि जाहीर केलेले भाव ही या व्यवस्थेची मुख्य सूत्रे होती.

४/२४
भवानी पेठ व नाना पेठेतील भुसार व्यापार आणि महात्मा फुले मंडईतील घाऊक भाजीव्यापार पुढे गुलटेकडीच्या प्रशस्त आवारात आला. १९८४ मध्ये राज्य कृषी पणन मंडळ स्थापन झाले. मार्च २००० मध्ये केंद्र सरकारने देशभरच्या बाजारभावांसाठी ‘ॲगमार्कनेट’ ही योजना सुरू केली. आता भाव फळ्यावर लिहून भागणार नव्हते, ते महाजालावर पोहोचवायचे होते. येथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. आकडे पाठवणे सोपे होते. ‘ज्वारी’, ‘मिरची’, ‘शेतकऱ्यांना’ ही अक्षरे पाठवायची कशी, याचे सर्वमान्य उत्तर वेबरचनेच्या साधनांत नव्हते.

५/२४
भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. वेबपाने रचण्याची साधने त्याच सुमारास आकार घेत होती. फ्रंटपेज १९९५ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. मॅक्रोमीडियाचे ड्रीमविव्हर डिसेंबर १९९७ मध्ये बाजारात आले. संकेत हाताने न लिहिता पान डोळ्यांसमोर मांडत जावे, ही या साधनांची मोहिनी होती. मात्र ती रोमन लिपी गृहीत धरून घडवली गेली होती. मराठी पान रचणाऱ्याला त्यांच्या सूचीत नसलेल्या वाटा शोधाव्या लागल्या. त्या काळातील प्रगत कौशल्य म्हणजे प्रामुख्याने या आडवाटांचे ज्ञान होय.

६/२४
अडचणीचे मूळ मोजणीत होते. त्या काळी एका अक्षरासाठी एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा मिळत. त्यांतल्या बऱ्याच नियंत्रणचिन्हांनी आणि रोमन अक्षरांनी व्यापलेल्या असत. देवनागरीत मूळ वर्ण मोजके असले तरी छपाईत दिसणारी रूपे शेकडो आहेत. अर्धी व्यंजने, जोडाक्षरे, रफार, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या, अक्षराखाली जागा बदलणारे उकार ही सारी रूपे त्यांत येतात. म्हणून दोन प्रश्न वेगळे करणे आवश्यक होते. मजकूर साठवायचा कसा, हा पहिला प्रश्न. आणि साठवलेला मजकूर पडद्यावर दाखवायचा कसा, हा दुसरा.

७/२४
या दोन प्रश्नांची फारकत पुण्यात फार आधी झाली होती, हे विशेष. आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये आले. मोहन तांबे हे या कामातले अग्रणी. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. इस्कीत वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवले जात. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी डावीकडे दिसते, ही केवळ दाखवण्याची बाब मानली गेली. साठवण भाषेच्या नियमाने आणि दर्शन लिपीच्या नियमाने, अशी ही स्वच्छ वाटणी होती.

८/२४
दाखवण्याच्या कामासाठी सी-डॅकने ‘इस्फॉक’ ही फॉन्टची स्वतंत्र संकेतप्रणाली आखली. तिच्यात वर्णांना नव्हे, तर अक्षरांच्या दृश्य तुकड्यांना क्रमांक होते. इस्कीतील मजकुराचे इस्फॉकच्या तुकड्यांत रूपांतर करणे हे सॉफ्टवेअरचे काम होते. ब्राउझरमध्ये मात्र असे रूपांतर करणारा कोणी नव्हता. तेव्हा वेबरचनाकारांनी पहिली पायरी गाळली आणि दृश्य तुकड्यांचे क्रमांकच थेट पानावर ठेवले. श्रीलिपीसारख्या पुण्यातच घडलेल्या लोकप्रिय प्रणालींचे फॉन्टही असेच, प्रत्येकी आपापल्या क्रमांकांनी चालत. छापखान्यात या पद्धतीने काही बिघडत नव्हते, कारण कागदावर उमटलेल्या अक्षराला क्रमांक नसतो. वेबवर मात्र तोच क्रमांक मजकूर म्हणून प्रवास करू लागला.

९/२४
पहिली आडवाट चित्राची होती. मराठी मजकूर फोटोशॉप किंवा कोरलड्रॉमध्ये जुळवायचा, त्याचे जिफ चित्र करायचे, मोठ्या चित्राचे काप करून ते अदृश्य सारणीच्या चौकटींत बसवायचे. निष्णात रचनाकार कापांच्या कडा एक पिक्सेलनेही हलू देत नसे आणि रंग मोजके ठेवून चित्राचा आकार उतरवत असे. तरीही दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला सुमारे ५ किलोबाइट येत असताना ४० किलोबाइटचे चित्र उमटायला ८ सेकंद लागत. मथळ्यासाठी हे चालून जाई. रोज बदलणाऱ्या भावांचा तक्ता चित्रांत मांडायचा, तर रोज नवी चित्रे घडवावी लागत. शिवाय त्या चित्रातला भाव यंत्राला वाचता येत नसे.

१०/२४
दुसरी आडवाट फॉन्टची. पानाच्या संकेतात ‘फॉन्ट फेस’ या टॅगने अमुक मराठी फॉन्टचे नाव द्यायचे आणि आत त्या फॉन्टच्या क्रमांकांप्रमाणे रोमन अक्षरे व चिन्हे भरायची. वाचकाकडे तो फॉन्ट असेल तर मराठी दिसे, नसेल तर अर्थहीन रोमन अक्षरांचा ढिगारा. त्यामुळे अनेक मराठी संकेतस्थळांच्या मुखपृष्ठावर फॉन्ट उतरवून घेण्याची सूचना असे. प्रत्येक स्थळाचा फॉन्ट निराळा असल्याने वाचकाला अनेक फॉन्ट बसवावे लागत. एका स्थळावरचा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की त्याचे अक्षर न् अक्षर बदलून जाई.

११/२४
बाजारभावाच्या तक्त्याबाबत या पद्धतीचा एक विलक्षण परिणाम संभवत असे. अनेक फॉन्टांत मराठी अंक रोमन अंकांच्याच जागी बसवलेले होते. त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर शब्दांचा चुराडा होई, पण अंक रोमन रूपात शाबूत राहत. म्हणजे १२०० हा दर नीट वाचता येई. तो कांद्याचा की बटाट्याचा, हे मात्र कळत नसे. रुमालाखालच्या व्यवहारात माल दिसे आणि भाव दडलेला असे. येथे भाव दिसे आणि माल दडलेला असे. दोन्हीकडे वाचणाऱ्याचा तोटा सारखाच.

१२/२४
तिसरे कौशल्य संकेतप्रणालीच्या घोषणेचे. पान ‘पश्चिम युरोपीय’ आहे असे जाहीर केले, तर विंडोज आणि मॅकिंटॉश यांच्या तक्त्यांतील फरकामुळे वरच्या १२८ जागांवरील तुकडे बदलण्याचा धोका असे. म्हणून जाणकार पानाच्या शिरोभागात ‘एक्स-युजर-डिफाइन्ड’ असे लिहीत. त्याचा अर्थ, ब्राउझरने बाइटांचा अन्वय लावू नये. आणखी एक सापळा १७३ या क्रमांकाचा होता. ती जागा ‘सॉफ्ट हायफन’ची असल्याने तेथे बसवलेला तुकडा अदृश्य होऊ शके. दृश्य पद्धतीने चालणारी साधने अनोळखी चिन्हे स्वतःहून बदलून टाकत. त्यामुळे हाताने लिहिलेल्या संकेताला धक्का न लावण्याचा ड्रीमविव्हरचा गुण येथे मोलाचा ठरे.

१३/२४
चौथी आणि सर्वांत कुशल आडवाट म्हणजे ‘डायनॅमिक फॉन्ट’. पानासोबत फॉन्टही पाठवायचा, म्हणजे वाचकाला काही बसवावे लागू नये. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने ‘ईओटी’ या रूपातील फॉन्ट स्वीकारले. ते घडवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘वेफ्ट’ हे साधन होते. नेटस्केप ४ ने बिटस्ट्रीमचे ‘ट्रूडॉक’ तंत्र घेतले, त्याच्या फायली वेगळ्या. काळजीपूर्वक काम करणारा रचनाकार एकाच पानासाठी दोन्ही रूपे तयार करी आणि ब्राउझर ओळखून योग्य ते रूप पाठवी. ईओटी फायल विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असे. स्थळाचा पत्ता बदलला की ती पुन्हा घडवावी लागे.

१४/२४
वजन कमी करण्यासाठी वेफ्ट पानावर वापरलेलेच तुकडे फॉन्टमध्ये ठेवू शके. लेखासाठी ही युक्ती उत्तम होती. रोज बदलणाऱ्या तक्त्यासाठी तीच घातक ठरे, कारण हंगामाबरोबर शेतमालाची नावे बदलतात. तक्त्यात ‘ढ’ नसताना घडवलेला फॉन्ट ‘ढेमसे’ आल्यावर तेवढेच अक्षर दाखवू शकत नसे. म्हणून तक्त्यांसाठी पूर्ण फॉन्टच पाठवण्याचा शहाणपणा अनुभवाने येई. पुढे २००० मध्ये आलेल्या नेटस्केप ६ ने ट्रूडॉकचा आधार काढून घेतला आणि त्या तंत्रावर उभी असलेली पाने नव्या ब्राउझरमध्ये एका रात्रीत अवाचनीय झाली.

१५/२४
पान दिसले तरी एक दोष उरतच असे. दृश्य तुकड्यांच्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाई. त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने ‘मिरची’ हा शब्द ‘म’ने सुरू होत नसून वेलांटीने सुरू होई. यादी क्रमाने लावली की चिकू, लिंबू आणि मिरची एकाच गटात येऊन बसत, कारण तिघांचेही पहिले चिन्ह वेलांटी. ‘दर्जा’तला रफार ‘जा’च्याही नंतर साठवलेला असे. यावर तोडगा म्हणून प्रत्येक शेतमालाला अंकी क्रमांक देऊन त्या रकान्यावर क्रम लावत, आणि शोधयंत्रांसाठी पानाच्या शिरोभागात रोमन लिपीतले शब्द पेरत. मराठी तक्त्याला इंग्रजीच्या कुबड्या लागत त्या अशा.

१६/२४
येथे हत्ता पद्धतीशी असलेले साम्य पुरते स्पष्ट होते. प्रत्येक फॉन्ट म्हणजे एक रुमाल होता. क्रमांक आणि अक्षर यांचा संकेत फॉन्ट घडवणाऱ्याला ठाऊक, वाचकाला केवळ वरचे दर्शन. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. छपाईची गरज भागवण्यासाठी जो तो आपापला तक्ता आखत गेला आणि समान तक्त्यासाठी कोणी थांबू शकले नाही. पण परिणाम तोच झाला. हजारो पानांचा मराठी मजकूर महाजालावर होता आणि तरीही सार्वजनिक नव्हता. पुढे फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाची जोडणी निघाली. असे निरनिराळे तक्ते ओळखून मजकूर समान रूपात आणणे हेच तिचे काम.

१७/२४
तो समान तक्ता म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा १२८ जागांचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. म्हणजे वर्ण उच्चारक्रमाने साठवण्याचे तत्त्व भारतीय संकेतप्रणालीतूनच जागतिक मानकात गेले. दाखवण्याची बाजू ओपनटाइप या फॉन्टरचनेने उचलली. मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबी यांनी ती १९९६ मध्ये जाहीर केली. कोणते वर्ण जुळून कोणते जोडाक्षर होते, रफार कुठे बसतो, हे नियम आता फॉन्टच्या पोटात आले. त्यामुळे मजकुराला स्वतःचे दृश्य रूप वाहून नेण्याची गरज उरली नाही.

१८/२४
सर्वसामान्य संगणकावर हे फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० पासून शक्य झाले. त्यातील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या हातचा. जोशी (१९३६–२००८) हे मराठी कवी, सुलेखनकार आणि अक्षरकलेचे अध्यापक. मात्र विंडोज एक्सपीमध्ये मराठी नीट दिसण्यासाठी ‘जटिल लिप्यां’चा पर्याय वेगळा निवडून मूळ सीडीवरून काही फायली बसवाव्या लागत. त्यामुळे युनिकोड येऊनही वृत्तपत्रे आणि कार्यालये जुन्या फॉन्टांवर कितीतरी वर्षे रेंगाळली. जुना साठा प्रचंड होता, टंकलेखकांची बोटे जुन्या कळफलकाला सरावलेली होती, आणि वाचकाचा संगणक कसा असेल याची शाश्वती नव्हती.

१९/२४
बदलाला रेटा दिला तो लिहित्या वाचकांनी. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पाठोपाठ ‘मनोगत’सारखी युनिकोडवर उभी असलेली संकेतस्थळे आली. अनेकांनी मिळून लिहायचे, तर सर्वांचा तक्ता एकच हवा, हे येथे प्रत्ययास आले. गूगलच्या नोंदीनुसार डिसेंबर २००७ मध्ये युनिकोडचे ‘यूटीएफ-८’ हे रूप जगभरच्या वेबपानांवर सर्वाधिक वापरले जाऊ लागले. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. उघड लिलाव जसा कायद्याने आला, तसे उघड अक्षरही अखेर मानकाने आणि शासकीय निर्णयाने पक्के झाले.

२०/२४
तरीही बारकावे उरलेच. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पाहा. यातला ‘ऱ्य’ हा मराठीचा खास विशेष. त्याच्यामुळेच ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे राहतात. युनिकोडमध्ये हे रूप तीन प्रकारे साठवता येते. ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरून. ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे वापरून. किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा ‘जोडक’ वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखेच. यंत्राला मात्र ते तीन वेगळे शब्द. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या ‘सामान्यीकरणा’ने एक होतात, तिसरा होत नाही, त्याची गाठ रचनाकाराला स्वतः सोडवावी लागते. शोधपेटी देताना हे न केल्यास शेतकऱ्यांसाठीचे पान शेतकऱ्यांनाच सापडत नाही.

२१/२४
‘ॲ’ची कथाही अशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. तोवर ‘अ’वर चंद्र चढवून वेळ मारून नेली जाई आणि काही फॉन्टांत तेथे ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ उमटे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. युनिकोडमध्ये मात्र हिंदी आणि मराठी ‘ल’ एकच आहे. फरक रूपाचा आहे. तो दाखवण्यासाठी पानाची भाषा मराठी असल्याचे संकेतात नमूद करावे लागते. फॉन्टमध्ये स्थानिक रूपांची सोय असल्यास मराठी वळण आपोआप उमटते.

२२/२४
पानासोबत फॉन्ट पाठवण्याची कल्पना पुढे परतली, पण उघड नियमांसह. सीएसएसच्या १९९८ च्या आवृत्तीत ‘फॉन्ट-फेस’ हा नियम होताच. सफारीने २००८ मध्ये आणि फायरफॉक्सने २००९ मध्ये साध्या फॉन्ट फायलींसाठी तो अंगीकारला, आणि ‘वॉफ’ हे समान रूप डिसेंबर २०१२ मध्ये मानक झाले. आजच्या कसलेल्या रचनाकाराची परीक्षा वेगळ्या ठिकाणी होते. अक्षरांतील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, म्हणून ते टाळायचे. मात्रा आणि उकार कापले जाऊ नयेत इतके ओळींतील अंतर ठेवायचे. दरांच्या रकान्यात समान रुंदीचे अंक निवडायचे. क्रमवारी मराठीच्या नियमांनी लावायची आणि १,२३,४५६ अशी लाखाची मांडणी भाषेच्या निर्देशावरून घडू द्यायची.

२३/२४
जुनी खोड मात्र सहज सुटत नाही. १५ जुलै २०१० रोजी आयआयटी मुंबईच्या डी. उदय कुमार यांनी घडवलेले ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने स्वीकारले. युनिकोडमध्ये त्याला जागा मिळण्याआधीच एक फॉन्ट लोकप्रिय झाला. त्यात हे चिन्ह कळफलकावरील ‘ग्रेव्ह’ या तिरक्या टिंबाच्या जागी बसवले होते. फॉन्ट असेल तेथे रुपया, नसेल तेथे निरर्थक टिंब. म्हणजे पुन्हा एकदा रुमाल. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत रुपयाला स्वतःची जागा मिळाली आणि हा प्रश्न लवकर मिटला. या वेळी फेरा काही महिन्यांत पूर्ण झाला, कारण समान तक्ता आता अस्तित्वात होता.

२४/२४
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी याचा अर्थ गंभीर आहे. १९९५ ते २०१० या काळातील मराठी वेबपाने ही त्या काळाची प्राथमिक साधने आहेत. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहांत पान जपले गेले असले, तरी त्याचा फॉन्ट न मिळाल्यास ते न वाचता येणाऱ्या दस्तासारखे पडून राहते. मोडी शिकणारा विद्यार्थी आधी बाराखडीचा तक्ता हाती घेतो. या पानांसाठीही प्रत्येक जुन्या फॉन्टच्या क्रमांकांचा तसाच तक्ता लागेल. मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र विभाग २०१४ मध्ये मिळाला. जुन्या फॉन्टांतील देवनागरीला मात्र असा विभाग कधीच मिळणार नाही, कारण ती लिपी नव्हे, केवळ खासगी संकेत होता. म्हणून जुन्या सीडीवरचे फॉन्ट आणि त्यांच्या माहितीपुस्तिका रद्दीत न घालता जपून ठेवणे, आणि हाती येईल तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना मूळ फायलही सोबत राखणे, हे काम आजच करण्याजोगे आहे.